स्वॅब निगेटिव्ह, नळीतला नमुना पॉझिटिव्ह: श्वसनाचा विषाणू शरीरात नेमका शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 68 वर्षांचे, मधुमेही. ताप-खोकला सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह. आठव्या दिवशी नाक-घशाचा आरटी-पीसीआर, तोही निगेटिव्ह. दहाव्या दिवशी व्हेंटिलेटर लावावा लागला, तेव्हा श्वासनळीतून ओढून घेतलेल्या नमुन्यात कोविड पॉझिटिव्ह, सीटी 24 (पीसीआरचा हा आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त). मग आधीच्या लॅबने चूक केली का? रक्त काढून एकदाच पक्कं का सांगत नाहीत? शौचातूनही हा विषाणू सापडतो म्हणतात, आणि घरात संडास एकच. बहीण चार महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजते, तिचं काय?

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षं मॉलिक्युलर लॅबमध्ये हेच काम करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी लॅबचं. तिन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि माझ्या मते बहुधा आहेत. रिपोर्टवर "निगेटिव्ह" छापलेलं असतं त्याचा अर्थ "या माणसाला कोविड नाही" असा नसतो. या नमुन्यात, या दिवशी, या किटला सापडेल इतका विषाणू नव्हता, एवढंच ते वाक्य सांगतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात हे लिहिलेलंही असतं, पण तिथपर्यंत कोणी वाचत नाही. डॉक्टरही वाचत नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे.

अँटिजेन टेस्ट तर मुळातच कमी संवेदनशील. जून 2020 मध्ये आयसीएमआरने तिला परवानगी दिली तेव्हाच अट घातली होती की लक्षणं असलेल्या माणसाची अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायचाच. तुमच्याकडे तो चार दिवस उशिरा झाला. आणि त्या चार दिवसांतच सगळी मेख आहे.

हा विषाणू शरीरात एका जागी बसून राहत नाही. सुरुवातीला तो नाकाच्या मागच्या भागात आणि घशात भराभर वाढतो. 2020 च्या सुरुवातीला जर्मनीत म्युनिकच्या 9 रुग्णांचा रोजच्या रोज नमुने घेऊन अभ्यास झाला. या विषयावरचा तो मला आजही सगळ्यात शिकवणारा वाटतो. पहिल्या पाच दिवसांत त्या सगळ्यांचे घशाचे स्वॅब पॉझिटिव्ह होते आणि विषाणूचं प्रमाण प्रचंड होतं. चौथ्या दिवशीच्या एका स्वॅबमध्ये तर विषाणूच्या जनुकाच्या 70 कोटींहून जास्त प्रती मोजल्या गेल्या. पाच दिवसांनंतर मात्र घशातलं प्रमाण उतरत गेलं आणि काही स्वॅब निगेटिव्ह यायला लागले. बेडक्यातला विषाणू त्यापेक्षा जास्त दिवस टिकला. तेही सौम्य आजाराचे, तरुण रुग्ण होते. ज्यांच्या फुफ्फुसात आजार उतरतो, त्यांच्यात नाक रिकामं होत जातं आणि खाली छातीत विषाणू भरलेला असतो. आठव्या दिवशी तुमच्या वडिलांच्या नाकात शोधणं म्हणजे पाहुणे पुढच्या स्टेशनवर उतरल्यावर मागच्या स्टेशनवर त्यांची वाट बघणं.

आता स्वॅब. लोकांना वाटतं नाकात काडी फिरवली की झालं. नाकपुडी ते कानाचं भोक यात जेवढं अंतर, साधारण तेवढी काडी आत जायला हवी. मोठ्या माणसात ते आठ-दहा सेंटिमीटर भरतं. आणि ती वर, डोळ्यांच्या दिशेने नाही, तर नाकाच्या तळाला धरून सरळ मागे जायला हवी. वर गेली की अडते, दुखतं, रुग्ण डोकं मागे घेतो, स्वॅब घेणारा घाबरतो आणि तिथेच फिरवून बाहेर काढतो. मागच्या भिंतीला टेकल्यावर काही सेकंद थांबून, हळूच गोल फिरवून बाहेर काढली तरच तिथल्या पेशी येतात. डोळ्यांत पाणी आलं नाही तर मला त्या स्वॅबबद्दल शंका येते. धाप लागलेल्या, ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या, 68 वर्षांच्या माणसाचा असा स्वॅब घेणं किती अवघड असतं ते वॉर्डातल्या ब्रदर-सिस्टरना विचारा.

काडीही कुठलीही चालत नाही. लाकडी दांडीची, साध्या कापसाची काडी पीसीआरला घातक. लाकडातले आणि कापसातले काही पदार्थ रिअ‍ॅक्शन अडवतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं टोक, प्लास्टिकची दांडी, आणि लगेच गुलाबी पाण्याच्या नळीत, म्हणजे व्हीटीएममध्ये बुडवायची. ते पाणी गुलाबी असतं कारण त्यात फिनॉल रेड असतं. नळी लॅबला पोचेपर्यंत ते पिवळं पडलेलं दिसलं तर आत जिवाणू वाढलेत असं समजायचं. नळी 2 ते 8 डिग्रीत ठेवून तीन दिवसांच्या आत तपासायची, नाहीतर उणे 70 च्या फ्रीजरमध्ये टाकायची. मे महिन्यात बर्फ वितळलेल्या थर्माकोलच्या डब्यातून तालुक्याहून आलेली नळी आणि तासाभरात हातात मिळालेली नळी यांचे रिपोर्ट एकाच छापील फॉर्मवर निघतात, पण त्यांची किंमत एक नाही.

"मग काडी रिकामी होती हे लॅबला कळत नाही का?" कळू शकतं, पण दरवेळी नाही. बऱ्याच किटमध्ये विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचं एक जनुकही तपासतात, बहुतेक वेळा आरनेज-पी. ते आलं म्हणजे काडीवर माणसाच्या पेशी होत्या. ते उशिरा आलं, किंवा आलंच नाही, तर नमुना पुन्हा मागवायचा. पण काही किटमध्ये हा कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा तुकडा, माणसाचा नसतो, बाहेरून घातलेला असतो. तो फक्त एवढंच सांगतो की आमचं मशीन आणि केमिकल नीट चाललं. तिथे कोरडी काडी पाठवली तरी रिपोर्ट "वैध निगेटिव्ह" निघतो. तुमच्या आठव्या दिवसाच्या रिपोर्टचा किट कुठला होता आणि त्यात माणसाचा कंट्रोल होता का, एवढं लॅबला विचारता येईल. भांडायला नको, नुसतं विचारा; सांगतात.

काडीचा त्रास नको म्हणून लाळेचा पर्याय आला. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 70 रुग्णांत दाखवलं की लाळेत विषाणू निदान नाकाच्या स्वॅबइतका तरी सापडतो. त्यांची लाळेची पद्धत अमेरिकेत 15 ऑगस्ट 2020 ला मंजूर झाली. आपल्याकडे नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत काढली आणि मे 2021 मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. रुग्णाने सलाइन तोंडात घेऊन 15 सेकंद गुळण्या करायच्या, 15 सेकंद खळखळवायचं आणि नळीत थुंकायचं. लॅबमध्ये ते बफरमध्ये अर्धा तास साध्या तापमानाला ठेवून 98 डिग्रीला सहा मिनिटं तापवायचं, की थेट पीसीआरला लावता येतं. आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, वेगळं काढायच्या महागड्या किटची गरज नाही. विदर्भातल्या गावागावांत काडी घालायला शिकलेली माणसं कुठून आणणार, हा प्रश्न त्यांनी मुळातून सोडवला होता. ही पद्धत जितकी पसरायला हवी होती तितकी पसरली नाही, याचं मला वाईट वाटतं. लाळेला एकच पथ्य असतं: आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, पान-तंबाखू-मिश्री तर नाहीच. त्यातली द्रव्यं पीसीआरच्या एन्झाइमला अडवू शकतात. पण लाळ काय किंवा नाक काय, दोन्ही वरच्याच मजल्याचे नमुने. तुमच्या वडिलांचा प्रश्न खालच्या मजल्याचा होता.

खालचा नमुना मिळवायचे तीन रस्ते. पहिला बेडका. खोल खोकून छातीतून आलेला, घट्ट, चिकट. त्याऐवजी डबीत फेसाळ थुंकी आली तर ती लाळच. टीबीच्या नमुन्यांबाबत हे आम्ही रोज समजावतो, तरी रोज डब्या परत पाठवाव्या लागतात. बेडका लॅबला येतो तेव्हा पिपेटमध्ये ओढताच येत नाही, तार धरतो. त्यात डीटीटी नावाचं केमिकल घालून, हलवून, पातळ करून मगच पुढचं काम. अडचण अशी की कोविडमध्ये बेडका पडतोच असं नाही. चीनमधल्या सुरुवातीच्या 1099 रुग्णांच्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश लोकांनाच तो पडत होता, बाकीच्यांचा खोकला कोरडा. औषधी वाफ देऊन मुद्दाम बेडका काढायचा उपाय टीबीत चालतो. कोविडमध्ये त्याने खोलीभर विषाणू उडेल म्हणून टाळला गेला.

दुसरा रस्ता ब्रॉन्कोस्कोपीचा. दुर्बीण फुफ्फुसाच्या फांदीपर्यंत नेऊन थोडं सलाइन सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं. याला डॉक्टर बीएएल म्हणतात. नमुना उत्तम, पण ऑक्सिजन घसरलेल्या माणसावर हे करणं धोक्याचं, आणि करणाऱ्यालाही संसर्गाची भीती. तिसरा रस्ता तुमच्या वडिलांचा. व्हेंटिलेटरची नळी आत आहेच, तिच्यातून सक्शनने ओढून छोट्या ट्रॅपमध्ये जमा केलेला स्राव. रुग्णाला वेगळा त्रास नाही, नमुना थेट खालचा. नळी घातल्यावर पहिल्याच दिवशी हा नमुना पाठवणारे तुमचे आयसीयूचे डॉक्टर शहाणे आहेत. वरचे दोन निगेटिव्ह बघून बरेच जण "कोविड नाही" म्हणून बाकीचं शोधत बसले असते.

आता आकडे. मार्च 2020 मध्ये चिनी संशोधकांनी 205 रुग्णांचे 1070 नमुने प्रसिद्ध केले. बीएएलचे 15 पैकी 14 पॉझिटिव्ह, बेडक्याचे 104 पैकी 72, नाकाचे 8 पैकी 5, घशाचे 398 पैकी 126, शौचाचे 153 पैकी 44, रक्ताचे 307 पैकी 3, आणि लघवीच्या 72 पैकी एकही नाही. या आकड्यांचं कोष्टक त्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं की बऱ्याच लोकांनी "घशाचा स्वॅब 32 टक्केच बरोबर" असा निष्कर्ष काढला. ते चुकीचं वाचन आहे. बीएएल झाला तो अतिगंभीर रुग्णांचा, नाकाचे नमुने फक्त आठ, आणि घशाचे वेगवेगळ्या दिवसांचे, कित्येक तर आजार उतरणीला लागल्यावरचे. त्यावरून कुठल्या नमुन्याची टक्केवारी ठरवू नका. क्रम मात्र विश्वासाचा आहे: फुफ्फुस, मग बेडका, मग नाक-घसा, मग शौच, आणि रक्त-लघवी जवळजवळ कोरडी. नंतरच्या असंख्य अभ्यासांत हाच क्रम थोड्याफार फरकाने आला.

रक्ताचा प्रश्न चांगला आहे, कारण आपल्याकडे डेंग्यूने सगळ्यांना रक्ताची सवय लावली आहे. ताप आला, रक्त काढलं, एनएस-1 पॉझिटिव्ह, विषय संपला. डेंग्यूत ते चालतं, कारण डेंग्यूचा विषाणू येतोच रक्तातून. डास चावतो, विषाणू रक्तात फिरतो, पहिल्या चार-पाच दिवसांत तिथे भरपूर असतो, आणि पुढचा डास तो रक्तातूनच उचलतो. कोविड किंवा फ्लूच्या विषाणूला रक्ताची गरजच नाही. तो श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि श्वासमार्गाच्या पोकळीतच बाहेर पडतो, कारण तिथून खोकल्या-बोलण्यातून पुढच्या माणसापर्यंत जाता येतं. रक्तात पोचतो तो आजार फार वाढला, अस्तर फाटलं, तेव्हा सांडल्यासारखा. म्हणून आयसीयूतल्या रुग्णांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, त्याचं आरएनए सापडतं, आणि जास्त सापडलं तर आजार बिघडण्याची शक्यता जास्त असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण ती आजार किती वाढलाय याची खूण झाली. रक्त निगेटिव्ह म्हणून कोविड नाही, असं कधीच म्हणता येत नाही.

2021 मध्ये लोक सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि एचआरसीटीचा स्कोर पाठ म्हणायला लागले होते. त्या चाचण्या विषाणूच्या नाहीत. शरीराने किती आकांडतांडव केलं ते त्या दाखवतात, आणि दुसऱ्या आजारांतही वाढतात. अँटिबॉडीचंही तसंच: रक्तातल्या आयजीजीवरून मागे कधीतरी संसर्ग झाला किंवा लस घेतली एवढंच कळतं. जाता जाता एक तांत्रिक गोष्ट, तुमच्या ओळखीत कुणी लॅबमध्ये असेल तर: प्लाझ्मात विषाणू शोधायचाच असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी घ्या. हिरव्या झाकणातलं हेपारिन पीसीआर बंद पाडतं आणि तुम्ही छान, स्वच्छ, खोटा निगेटिव्ह रिपोर्ट देता.

शौचाचं प्रकरण सगळ्यात गमतीचं आणि सगळ्यात जास्त गैरसमजाचं. विषाणू ज्या एसीई-2 नावाच्या दाराने पेशीत शिरतो ते दार लहान आतड्यात भरपूर असतं. त्यामुळे आतड्यात तो वाढतो, काहींना जुलाब होतात, आणि शौचात त्याचं आरएनए नाक निगेटिव्ह झाल्यावरही राहतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सौम्य ते मध्यम आजाराच्या 113 जणांचा पाठपुरावा केला. निदानानंतर पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्यांच्या शौचात आरएनए होतं, चार महिन्यांनंतर साधारण 13 टक्क्यांच्या आणि सात महिन्यांनंतर जवळपास 4 टक्क्यांच्या.

सात महिने! हे वाचून लोक घाबरतात. पण पीसीआर विषाणूचं आरएनए मोजतो; तो विषाणू जिवंत आहे की मोडून पडलेला, हे त्याला कळत नाही. ते कळायला नमुना जिवंत पेशींच्या थरावर टाकून तिथे विषाणू वाढतो का बघावं लागतं. हे काम साध्या लॅबचं नाही. त्याला बायोसेफ्टी लेव्हल 3 ची सोय लागते, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी (एनआयव्ही). म्युनिकच्या अभ्यासात हेही केलं होतं. घशाच्या आणि फुफ्फुसाच्या नमुन्यांतून पहिल्या आठवड्यात जिवंत विषाणू सहज वाढला. शौचात आरएनए भरपूर असूनही एकदाही वाढला नाही. आणि आठव्या दिवसानंतर तर कुठल्याच नमुन्यातून वाढला नाही, पीसीआर पॉझिटिव्ह असूनही. चीनमध्ये एका गंभीर रुग्णाच्या शौचातून तो वाढवल्याची नोंद आहे, पण अशा नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. भारतात 8 मे 2020 ला डिस्चार्जचे नियम बदलले आणि सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा टेस्ट न करता घरी सोडायला सुरुवात झाली, तेव्हा सोसायट्यांमध्ये केवढा गदारोळ झाला होता. "पॉझिटिव्ह माणसाला कसं सोडलं?" नियम बरोबर होता. दहाव्या दिवसानंतरचा पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुतेकांमध्ये उरलेल्या तुकड्यांचा असतो.

शौचातलं हे आरएनए एका कामाला मात्र फार उपयोगी पडलं. गटाराचं पाणी तपासलं की कोणाच्या नाकात काडी न घालता अख्ख्या वस्तीचा अंदाज येतो. नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरात तर अधिकृत रुग्ण नोंदवले जाण्याच्या काही दिवस आधीच सांडपाण्यात ते सापडलं होतं. आपल्याला ही कल्पना नवी नाही. मुंबईच्या गटारांतून पोलिओचा विषाणू शोधणं 2001 पासून चालू आहे. लोकांना हे सांगितलं की नाक मुरडतात, पण पोलिओ संपवण्यात त्या घाण पाण्याच्या कॅनचा वाटा मोठा आहे.

सीटीबद्दल, कारण तुमच्या रिपोर्टवर 24 आहे. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत नमुन्यातला जनुकाचा तुकडा दुप्पट होतो. कितव्या फेरीला मशीनला तो दिसला, तो सीटी. जितका कमी, तितका विषाणू जास्त. साधारण 3.3 फेऱ्या म्हणजे दहापट. सीटी 18 आणि सीटी 33 मधल्या पंधरा फेऱ्या म्हणजे 32 हजार पट फरक. वडिलांच्या नळीतल्या नमुन्याचा 24 म्हणजे फुफ्फुसात भरपूर विषाणू आहे, शंकेला जागा नाही. पण हा 24 दुसऱ्या कुणाच्या नाकाच्या 24 शी ताडून बघू नका. नमुना वेगळा, तो किती पातळ झाला ते वेगळं, किट वेगळा. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात सीटी 24 च्या वरच्यांना पॉझिटिव्ह धरू नये का, अशी विचारणा झाली होती. आयसीएमआरने नाही म्हटलं आणि 35 ची सीमा कायम ठेवली. ते योग्यच झालं. 24 ची रेघ मारली असती तर वाईट घेतलेला प्रत्येक स्वॅब आपोआप निगेटिव्ह झाला असता.

बाकीचे द्रव भराभर. लघवीत क्वचित. अश्रूंत थोड्या लोकांत, तेही बहुधा डोळे आलेले असतील तर. चीनमधल्या एका छोट्या अभ्यासात 38 पैकी 6 पुरुषांच्या वीर्यात आरएनए सापडलं आणि जगभर मथळे झाले. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत काही सापडलं नाही. पाठीतल्या पाण्यात फारच क्वचित, पण जपानमधला 24 वर्षांचा एक रुग्ण या विषयात हटकून आठवतो: फिट आली, बेशुद्ध झाला, नाकाचा नमुना निगेटिव्ह आणि पाठीतलं पाणी पॉझिटिव्ह. अशा एका रुग्णासाठी सगळ्यांची पाठ टोचायची नसते. मेंदूची लक्षणं असली तर शोधायचं.

एक लक्षात ठेवा, हे सगळं मी या एका विषाणूबद्दल सांगतोय. "श्वसनाचा विषाणू" म्हणून सगळे एका मापाने मोजता येत नाहीत. गोवर श्वासातूनच पसरतो, पण तो रक्तातून अंगभर जातो, म्हणून गोवराच्या पीसीआरला घशाच्या स्वॅबबरोबर लघवीही चालते. अ‍ॅडेनोव्हायरस सर्दी देतो आणि शौचात, लघवीतही सापडतो. नेहमीचा फ्लू नाक-घशातच राहतो, पण व्हिएतनाममध्ये एच5एन1 बर्ड फ्लूचा एक लहान मुलगा जुलाब आणि फिट घेऊन आला होता, आणि त्याच्या शौचात, रक्तात आणि पाठीतल्या पाण्यातही जिवंत विषाणू मिळाला. म्हणून नवा विषाणू आला की आम्ही पहिले काही महिने मिळेल तो द्रव तपासतो. त्याचा रस्ता आधी कोणालाच माहीत नसतो.

तुमच्या बहिणीचं उत्तर सोपं आहे: पाजू दे. अमेरिकेत 18 बाधित आयांच्या दुधाचे 64 नमुने तपासले. एकात आरएनए सापडलं, जिवंत विषाणू एकातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही स्तनपान थांबवू नका असंच सांगितलं. बाळाला धोका दुधातून नाही, आईच्या श्वासातून. तिला खोकला किंवा ताप आला तर मास्क लावून, हात धुऊन पाजायचं. दूध काढून उकळून देण्याचा उपद्व्याप करू नका, त्याने दुधाचंच नुकसान होतं.

संडासाची भीती कुठून आली तेही सांगतो. 2003 च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स नावाच्या इमारतींत 300 हून जास्त माणसं आजारी पडली. तिथे जुलाबाचं प्रमाण खूप होतं, आणि बाथरूमच्या जमिनीवरच्या जाळ्यांखालचे यू-आकाराचे पाइप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की मैलापाण्याच्या पाइपातली हवा त्या कोरड्या वाटेने घरात ओढली जायची. तो पहिला सार्स होता आणि त्या इमारतींची परिस्थिती खास होती. तुमच्या घरी वडील परत येतील तोवर त्यांचा आजार बराच मागे पडलेला असेल. कमोड असेल तर झाकण लावून फ्लश करा, साबणाने हात धुवा, खिडकी उघडी ठेवा, आणि वापरात नसलेल्या मोरीच्या जाळीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. वेगळा संडास बांधायची गरज नाही.

आता वडिलांच्या नळीतला नमुना दर दोन दिवसांनी तपासून घ्यायचा आग्रह धरू नका. सीटी 24 चा 27 झाला म्हणून औषध बदलत नाही, आणि 22 झाला म्हणूनही नाही. नमुना किती घट्ट-पातळ आला यानेही एवढा फरक पडतो. त्यांना आठवडाभराहून जास्त स्टिरॉइड चाललंय का, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं कुठलं औषध चालू आहे का, ते मात्र डॉक्टरांना विचारा. अशा माणसांत जिवंत विषाणू दहा दिवसांच्या पुढेही, कधी कधी कित्येक आठवडे राहू शकतो. घरी आणताना बाळाला त्यांच्यापासून किती दिवस लांब ठेवायचं ते त्यावर ठरेल. आणि नळीतल्या त्याच नमुन्याचं जिवाणू आणि बुरशीचं कल्चर लावलंय का तेही विचारा. मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र असताना मला विषाणूपेक्षा त्या रिपोर्टची जास्त काळजी वाटते.